नाकाच्या तपासणीकरिता समक्ष

नकाशेवाल्यांचं विमान जमिनीला टेकलं, शंभरेक पावलं शहाण्यासारखं धावलं आणि मग त्याचं नाक थरथरायला लागलं.

कुंपणाशी चहाचा थर्मास घेऊन उभ्या असलेल्या टायपिस्टबाईंना ते लांबूनही दिसलं. पुढचं चाक डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, असं नकारार्थी हलत होतं. मग पंख हलले, शेपूट हललं, काचेआड नकाशेवाल्यांची टोपी हलली. वेग मेला तेव्हा सगळं एकदम शांत झालं. विमान हळूहळू वळून असं परत आलं, की जणू काही झालंच नव्हतं.

"बघितलंस?" नकाशेवाले खाली उतरता उतरता म्हणाले. आवाजात असा ठपका, की जणू बाईंनीच कुंपणापाशी उभं राहून चाक हलवलं होतं.

नकाशेवाले म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन. आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस. शाईचा एक डाग पडला तर अख्खा कागद नव्याने काढणारे. बाई म्हणजे त्यांची बायको, एका कचेरीत बत्तीस वर्षं टाईप करून निवृत्त झालेल्या, म्हणून साऱ्या इमारतीच्या टायपिस्टबाई. आणि विमान म्हणजे दोन माणसांचं, एका पंख्याचं, बाईंच्या धाकट्या भावाहून वयाने मोठं असलेलं एक यंत्र. ते एकोणीस वर्षांपूर्वी घरात आलं. घरात म्हणजे गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये; पण जेवायच्या टेबलावर बोलणं त्याचंच व्हायचं, म्हणजे घरातच.

एकोणीस वर्षांत बाई त्या विमानात एकदाही बसल्या नव्हत्या.

हे कुणाला खरं वाटत नसे. पण दुसरी खुर्ची कधी रिकामीच नसायची. आधी शिकवणारे मास्तर बसले. मग इमारतीचे अध्यक्ष. मग अध्यक्षांचे व्याही. मग दातांचे डॉक्टर, कारण त्यांनी नकाशेवाल्यांची दाढ न दुखवता काढली. एकदा तर दुरुस्तीला न्यायचं लंबकाचं घड्याळ त्या खुर्चीत पट्टा बांधून बसलेलं बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. "रस्त्याने हादरे बसतात त्याला," नकाशेवाले म्हणाले होते. बाईंना रस्त्याने बसणाऱ्या हादऱ्यांचा विषय तेव्हा निघाला नाही.

बाईंना जायचं होतं ते फक्त खाडीपलीकडे. तिथे त्यांची ताई राहायची. विमानाने अठरा मिनिटं. रस्त्याने एक बस, एक होडी, आणखी एक बस, आणि दिवस संपला. ताईच्या घरामागे शेतांवर औषध फवारणाऱ्या कंपनीची जुनी धावपट्टी होती, अजून वापरात होती. ताई आता ब्याऐंशीची. गुडघे गेलेले, त्यामुळे तिने यायचा प्रश्न नव्हता. पण जीभ शाबूत होती. दर पत्रात शेवटी एक ओळ असायचीच: 'तुझं विमान निघालं की कळव, मी धावपट्टीवर खुर्ची टाकून बसेन.' गेल्या पत्रात मात्र तिने लिहिलं होतं: 'खुर्चीपर्यंत चालवतं तोवर ये.'

आणि नकाशेवाले एकाहत्तरचे. वैमानिकाचा तंदुरुस्तीचा दाखला वर्षअखेरपर्यंतचा. पुढचा मिळेल की नाही, हे दोघंही एकमेकांना विचारत नसत.

"चाक नीट झालं की आधी तुला ताईकडे नेतो," हे वाक्य बाईंनी गेली दोन वर्षं ऐकलं होतं. थरथर दोन वर्षांपूर्वी सुरू झाली तेव्हापासून. त्याआधीची सतरा वर्षं दुसरी वाक्यं होती.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. विमान कुणाकडे नसतं, पण विमानाबद्दल मत प्रत्येकाकडे असतं. तळमजल्यावर दवाखानेवाले राहत. पूर्वी ते एका दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधत, तेव्हापासून रोगनिदानाचा हक्क त्यांच्याकडेच होता.

"थरथर डावीकडून सुरू होते की उजवीकडून?" त्यांनी जिन्यात नकाशेवाल्यांना अडवून विचारलं.

"डावीकडून."

"मग दोष उजवीकडे. शरीराचं असंच असतं."

"ते विमान आहे हो."

"नियम तेच."

तिसऱ्या मजल्यावरचे सायकलवाले म्हणाले, "तारा आवळा."

"चाकाला तारा नाहीत."

"बघा! तिथेच तर चुकलंय."

मिस्त्री हा क्लबचा खरा मेकॅनिक. तो बोलायचा कमी आणि बघायचा जास्त, म्हणून त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. त्याने चाकामागची पितळी नळी दाखवली. "हा डॅम्पर. आत तेल असतं. दार आपटू नये म्हणून दाराला लावतात ना, तसं. चाक भरकटायला लागलं की हा आवरतो. हा गळतोय." त्याने तेल भरलं. तेल गळून गेलं. नकाशेवाल्यांनी घरून लाकडी हातोडी नेली आणि नळीचा काठ स्वतः हलक्या हाताने ठोकून बसवला. मग तेल दोन ठिकाणांहून गळायला लागलं.

नवा डॅम्पर बनवणारी कंपनी मिस्त्रीला मिसरूड फुटायच्या आधीच बंद पडलेली. दुसऱ्या जातीच्या विमानाचा एक मिळत होता आणि बसतही होता. पण परक्या विमानाचा भाग लावायचा तर तपासणी कार्यालयाची परवानगी हवी. त्यासाठी अर्ज हवा.

अर्ज म्हटल्यावर नकाशेवाले खुलले. रविवारी सकाळी त्यांनी टेबल पुसून घेतलं, बाईंचा टाईपरायटर कपाटावरून उतरवला आणि खोलीत येरझाऱ्या घालत मजकूर सांगायला लागले.

"तपासणी कार्यालयास. विषय, नाकाची थरथर. महोदय, गेली दोन वर्षं माझं नाक जमिनीला टेकताना थरथरतं."

बाईंची बोटं थांबली. "'माझ्या विमानाचं' घालू का?"

"का?"

"नुसतं 'माझं नाक' बरं दिसत नाही."

इथे हे सांगायला हवं की वैमानिक लोक विमानाला विमान म्हणतच नाहीत. माझा पंख घासला, माझं शेपूट जड झालंय, माझ्या पोटाखाली गवत अडकलं, असंच बोलतात. एकोणीस वर्षांत बाईंनासुद्धा त्याची सवय झालेली. पण कागद ही निराळी गोष्ट. कागदावरचा माणूस जिन्यात भेटत नाही, त्याला विचारता येत नाही.

"ते कार्यालयच विमानांचं आहे," नकाशेवाले म्हणाले. "तिथं काय म्हशीचं नाक येणार आहे? बत्तीस वर्षं टाईप केलंस, मजकुरात लुडबुड करायची खोड काही गेली नाही. सांगतो तेवढं लिही."

बाई क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या हातून आयुष्यात असे हजारो कागद गेले होते, ज्यात साहेबांनी सांगितलेल्या गाढवपणात त्यांनी गुपचूप एक शब्द घालून साहेबांची अब्रू वाचवली होती. इथेही एकच शब्द लागत होता. बोटं त्या अक्षरांवर गेलीसुद्धा होती.

"बरं," बाई म्हणाल्या. आणि सांगितलं तेवढं लिहिलं.

'गेली दोन वर्षे माझे नाक जमिनीला टेकताना थरथरते. वेग कमी होताच थांबते. तेल घालून पाहिले, गळून जाते. हातोडीने हलके ठोकून पाहिले, उतार नाही. सबब दुसऱ्या जातीचा भाग बसवण्यास परवानगी मिळावी. आपला विश्वासू.' खाली नकाशेवाल्यांची सही. एका रेषेत, तळाला टिंब.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. 'आपल्या अर्जाची गंभीर दखल घेण्यात आली असून नाकाच्या तपासणीकरिता येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास उड्डाण परवाना स्थगित समजण्यात येईल.'

"गंभीर दखल!" नकाशेवाले पत्र घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन आले. "अर्ज कसा लिहायचा असतो, ते कळलं आता?" मग ते मिस्त्रीकडे गेले आणि नाक काढायला सांगितलं.

"अख्खा पाय? चाकासकट?" मिस्त्री म्हणाला.

"तपासणीला बोलावलंय. समक्ष."

मिस्त्रीने पत्र दोनदा वाचलं, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पाना उचलला. तासाभरात विमान रिकाम्या पिंपावर हनुवटी टेकून बसलं.

गुरुवारी नकाशेवाले कोट घालून निघाले. छातीशी चाकाचा पाय, जुन्या पडद्यात गुंडाळलेला. बाई सोबत निघाल्या, कारण पायऱ्या चढताना नकाशेवाल्यांना हल्ली धाप लागायची. त्यांचं म्हणणं, ती कोटामुळे लागते. बसमध्ये एका तरुण बाईने उठून जागा दिली. "बसा आजोबा, बाळाला घेऊन किती वेळ उभे राहाल?" नकाशेवाले बसले. एका वळणावर पडदा सरकला आणि आतून टायर बाहेर आला, तेव्हा ती उरलेला प्रवास मागच्या दाराशी उभी राहून बाहेर पाहत होती.

तपासणी कार्यालयात खिडकीवरच्या कारकुनाने पत्र पाहिलं. "नाकाचं ना?"

"आणलंय," नकाशेवाले म्हणाले.

"ते आणावंच लागतं, साहेब. तिसरा मजला. सामान बाहेर ठेवायचं, आत नुसतं माणसाने जायचं."

"पण हे तर—"

"सामान बाहेर."

तिसऱ्या मजल्यावर एक बाक, एक पंखा आणि भिंतीवर मानवी कानाचं मोठं चित्र. विमानाच्या कार्यालयात कानाचं चित्र कशाला, असं बाईंच्या मनात आलं. नकाशेवाले मात्र चित्रासमोर चष्मा लावून उभे राहिले. "रेघ चांगली आहे. एकसारखी," ते म्हणाले. तेवढ्यात आतून हाक आली. बाई चाक मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. दाराला नुसता पडदा होता आणि आतले शब्द न् शब्द बाहेर येत होते. आत बसली होती ती वैमानिकांना तपासणारी डॉक्टर, आणि तिला सडकून सर्दी झालेली होती.

"या. बसा." शिंक. "किती दिवसांपासून थरथरतंय?"

"दोन वर्षं. फक्त टेकताना."

"काय टेकताना?"

"जमिनीला."

"तुम्ही नाक जमिनीला टेकवता?"

"अर्थात. आधी मागची दोन टेकवायची. मग सावकाश नाक. आधी नाक टेकवलं तर माणूस जागेवर जायचा."

"मागची दोन," डॉक्टरीण लिहिता लिहिता पुटपुटली. "आणि हे तेल कुणी घातलं?"

"मिस्त्रीने."

"आणि हातोडी?"

"ती मी स्वतः. लाकडी होती." मग जरा अभिमानाने, "आता दुसऱ्या जातीचं बसवायचा विचार आहे."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "काका," डॉक्टरीण फार मऊ आवाजात म्हणाली, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

बाई उठल्या. पडदा बाजूला सारला, आत गेल्या आणि चाक टेबलावर, डॉक्टरणीच्या कागदांवर ठेवलं. "हे," त्या म्हणाल्या. "हे नाक."

डॉक्टरणीने चाकाकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, नकाशेवाल्यांकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. सर्दीत हसलेलं माणसाला झेपत नाही; तिने रुमाल तोंडावर दाबला, खोकली, पुन्हा हसली. तिने पलीकडच्या खोलीतल्या दोघांना हाक मारली. ते आले, अर्ज वाचला आणि भिंतीला टेकून हसले. त्यांत वाईट कुणी नव्हतं. एकाने तर बाईंना पाणी दिलं.

नकाशेवाले मात्र खुर्चीत ताठ बसून होते. हात गुडघ्यांवर. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात बाईंनी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि ते बसले होते ती खुर्ची, ते चाक, तो हशा, सगळं एका शब्दाचं होतं. तो शब्द त्यांच्या बोटांत होता आणि त्यांनी तो दिला नव्हता.

"चला, निघतो," नकाशेवाले उठले. "कागद योग्य विभागाकडे पाठवा."

"पाठवते की." डॉक्टरणीने डोळे पुसले. "पण काका, तुमच्या नावाची फाईल उघडली गेलीय. काहीतरी लिहिल्याशिवाय ती बंद होत नाही. आलाच आहात तर पाच मिनिटं पडा इथे. छातीचा आलेख काढते, सगळं ठीक म्हणून शिक्का मारते, विषय संपला."

विषय तिथे सुरू झाला. यंत्राने कागदाची पट्टी बाहेर टाकली. डॉक्टरणीने ती हातात घेतली आणि तिचं हसू गेलं. तिने आणखी एक पट्टी काढली. मग म्हणाली, "नाक उत्तम आहे तुमचं. हृदय थरथरतंय."

नकाशेवाल्यांनी पट्टी मागून घेतली आणि चष्म्याजवळ धरली. "काढणाऱ्याचा हात हलला असणार."

"यंत्राने काढलीय अहो," बाई म्हणाल्या.

"मग यंत्राचा."

गोळ्या लिहून मिळाल्या. रोज दोन. जिने सावकाश चढायचे. आणि दाखल्यावर निळ्या शाईचा शिक्का: उड्डाणास अपात्र. शिक्का जरा तिरका पडला होता. नकाशेवाले परतीच्या बसमध्ये त्या तिरकेपणाबद्दलच बोलले. मग तेही बोलले नाहीत.

तीन दिवस ते बोलले नाहीत. बातमी इमारतभर झाली, कारण कार्यालयातला एक शिपाई सायकलवाल्यांच्या सुनेचा मामा निघाला. दवाखानेवाले जिन्यात म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं, नियम तेच." अध्यक्षांनी तर आजाराची विचारपूस करताना स्वतःचं नाक दोन बोटांत धरून पाहिलं. दारं लोटून घेतली तरी हसू ऐकू यायचं.

चौथ्या दिवशी बाई त्यांच्यासमोर चहा ठेवून म्हणाल्या, "चूक माझी झाली. मी 'विमानाचं' घालायला हवं होतं."

"मी सांगितलं तसं तू लिहिलंस. टायपिस्टने तेवढंच करायचं असतं." ते कपातच पाहत होते. त्यांनी ओरडून काही म्हटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी मिस्त्रीचा निरोप आला. चाक परत बसवायच्या आधी त्याने ते एका दांड्यावर अडकवून नुसतं फिरवून पाहिलं होतं. दोघं गेले तेव्हा तो पुन्हा फिरवत होता. चाक फिरायचं, मंदावायचं आणि दर वेळी तीच एक बाजू खाली येऊन थांबायचं.

"ही बाजू जड आहे," मिस्त्री म्हणाला. "टायर दोन वर्षांपूर्वी तुम्हीच घातला होतात ना? त्यावर एक लाल ठिपका असतो. हलकी बाजू कुठली ते दाखवायला. तो ट्यूबच्या तोंडासमोर आणायचा, म्हणजे वजन सारखं होतं. ठिपका दिसत नाही कुठे."

नकाशेवाले टायर निरखत राहिले.

"लाल," मिस्त्री म्हणाला. "नखाएवढा."

"रंगाचा शिंतोडा होता तो," नकाशेवाले शेवटी म्हणाले. "मी थिनरने पुसला."

बाईंना तो रविवार आठवला. नवा टायर वर्तमानपत्रावर, नकाशेवाले गुडघ्यांवर, हातात कापसाचा बोळा. 'काय कारागीर असतात हल्ली, माल पाठवताना डाग तरी पुसावा!' बाईंनीच त्यांना आणखी कापूस आणून दिला होता.

मिस्त्रीने टायर रिंगवर अर्धा वेढा फिरवून बसवला. नळीला नवं वॉशर घातलं, तेल भरलं. वीस मिनिटांचं काम. परक्या जातीचा भाग लागला नाही, परवानगी लागली नाही, अर्ज लागला नव्हता.

दुरुस्तीनंतर विमान कुणीतरी उडवून पाहायला हवं. नकाशेवाल्यांना ती मुभा नव्हती, म्हणून क्लबचे सेक्रेटरी आले. हँगरमधल्या सावलीच्या जागेवरून त्यांचं आणि नकाशेवाल्यांचं अकरा वर्षं वाकडं होतं. सेक्रेटरी शीळ घालत चढले, तीनदा उतरले आणि तिन्ही वेळा चाक एका रेषेत धावलं. कुंपणाशी उभ्या राहिलेल्या नकाशेवाल्यांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत.

"लोण्यासारखं!" सेक्रेटरी म्हणाले. मग बाईंकडे वळून, "वहिनी, चला. ताई खाडीपलीकडे ना तुमच्या? सगळ्या क्लबला ठाऊक आहे. तासाभरात जाऊन येऊ."

बाईंनी नकाशेवाल्यांकडे पाहिलं.

"जा," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"दोनच जागा आहेत."

त्यांनी स्वतः बाईंना वर चढवलं. पट्टा बांधला आणि तीन वेळा ओढून पाहिला. दार लावलं. खिडकीतून आत हात घालून काचेवरचा एक डाग बाहीने पुसला. मग बाजूला झाले.

वर गेल्यावर काय झालं, ते बाईंनी पुढे कुणालाच नीट सांगितलं नाही. खाडी अंथरल्यासारखी खाली आली. पलीकडचा रस्ता दिसला आणि त्यावरून मुंगीच्या चालीने जाणारी बस, ज्या बसच्या खिडकीशी त्या इतकी वर्षं डोकं टेकून बसल्या होत्या. होडी दिसली, तिच्यामागची पांढरी रेघ दिसली. बाई मोठ्याने हसल्या. इंजिनाच्या आवाजात ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही. आणि लगेच त्यांना इतका राग आला की पट्टा छातीला काचायला लागला. एवढं होतं हे? एवढं सगळं एकोणीस वर्षं वर होतं, आणि या माणसाने ते घड्याळाला दाखवलं!

ताई धावपट्टीच्या कडेला खुर्ची टाकून बसली होती. सेक्रेटरींनी क्लबवरून निरोप दिला होता. हातात काठी, अंगावर चांगले कपडे.

"हा कोण?" तिने सेक्रेटरींकडे काठी केली.

"क्लबचे सेक्रेटरी आहेत, ताई."

"आणि तुझे हे?"

"तिकडेच आहेत. त्यांना आता उडवायला परवानगी नाही. हृदयाचं निघालं."

ताईने तोंड वाकडं केलं. "मग हे कसलं येणं! मी सगळ्यांना सांगितलं होतं, हिला हिचा नवरा घेऊन येणार म्हणून." थोडा वेळ ती विमानाकडे पाहत राहिली. "एवढंसंच असतं होय? मला वाटलं, मोठं असेल." मग तिने धाकटीचा हात धरला आणि तो सोडलाच नाही. दोघी अर्धा तास बसल्या, कुणाकुणाचे गुडघे, कुणाचे डोळे, कोण गेलं, हे सगळं बोलून झालं. निघताना ताई म्हणाली, "आता काय, अठरा मिनिटं. दर महिन्याला ये. हा आणेल की तुला. आणशील ना रे?"

"ताई, आपलंच विमान आहे," सेक्रेटरी म्हणाले. ते त्यांचं नव्हतं, पण चांगल्या मनाने म्हणाले.

परत उतरताना बाईंनी जीव मुठीत धरून वाट पाहिली. मागची दोन टेकली. मग नाक सावकाश खाली आलं आणि टेकलं. काहीच झालं नाही. विमान चिमटीत धरून ओढल्यासारखं सरळ धावलं आणि सरळ थांबलं.

नकाशेवाले होते तिथेच उभे होते. "तासभर बसले नाहीत," मिस्त्री हळूच बाईंना म्हणाला. "खुर्ची दिली तर ती पुसून ठेवली."

"काय म्हणालो होतो, साहेब?" सेक्रेटरी उतरले. "आता याला काही करायचं शिल्लक नाही. फक्त उडवायचं."

नकाशेवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते बाईंकडे पाहत होते. कोटाची बटणं नीट लावलेली, टोपी हातात, आणि दुसरा हात कशावर ठेवावा हे न कळून पंखाच्या कडेवर ठेवलेला.

"ताई बरी आहे?"

"बरी आहे."

"टेकताना..." त्यांनी घसा खाकरला. "टेकताना थरथरलं का?"

बाईंना खाडी आठवली. ताईचा हात आठवला. दर महिना, अठरा मिनिटं.

"थोडंसं," त्या म्हणाल्या.

"छे हो वहिनी!" सेक्रेटरी म्हणाले.

"शेवटी शेवटी," बाई म्हणाल्या. "डावीकडे."

नकाशेवाल्यांच्या पाठीचा कणा बघता बघता सरळ झाला. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "नुसत्या टायरने इतकं होत नाही. आणखी कुठेतरी आहे. यांना काय कळणार? तुला कळलं, कारण तू लक्ष देऊन बसतेस." त्यांनी विमानाची वही मागवली, पंखावर धरली आणि उभ्या उभ्याच रेखीव अक्षरात नोंद केली: थरथर कायम. दोष मिळेपर्यंत विमान उभे. खाली सही, तळाला टिंब.

"किती दिवस लागतील?" बाईंनी विचारलं.

"घाई करून चालायचं नाही यात." ते कोट काढून मिस्त्रीच्या हातात देत होते. मिस्त्रीने कोट घेतला. त्याने चाकाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि कोट खिळ्याला अडकवला. सेक्रेटरी खांदे उडवून, शीळ न घालता निघून गेले.

नकाशेवाले नाकाखाली शिरले आणि गुडघ्यांवर बसले. "अगं, बॅटरी धर जरा. इथे. इथे नाही, इथे."

बाई वाकल्या. कंबर दुखत होती. ज्या चाकाला काहीही झालेलं नव्हतं, त्याच्यावर त्या हँगर बंद व्हायच्या वेळेपर्यंत उजेड धरून उभ्या राहिल्या.